मोरीच्या शेजारी वाळत घातलेला फोटो

प्रिय बाबा,

उद्या तुझं वर्षश्राद्ध. केळीची पानं आली, भटजींना निरोप गेला. तेवढा तू भिंतीवर नव्हतास, तोही आज संध्याकाळी चढलास. खिळा मीच ठोकला. पण त्यानंतर घरात जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी भांडून घेते. जन्मभर अख्ख्या मालवणातल्या गेलेल्या माणसांचे फोटो मोठे करून दिलेस आणि स्वतःचा एक करून ठेवला नाहीस! रोल संपवायचा म्हणून गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसलास आणि मला म्हणालास, "दाब गो, रोल तरी संपात." तेवढीच एक निगेटिव्ह. तीही धुऊन ठेवलीस आणि विसरलास.

आईचा हट्ट तुला ठाऊक आहे. "हेंचो फोटो काळो-पांढरोच होयो. नायतर भिंत रिकामी ऱ्हांवदे." तुझा तो काळ्या-पांढऱ्या फोटोंचा कागद यायचा कधीच बंद झालाय, हे तिला कोण सांगणार? आणि भिंत रिकामी ठेवून मी कुठे जाणार? कोल्हापूरला रक्त तपासायच्या लॅबमध्ये मला नोकरी लागलीय, तुळशीचं लग्न झालं की हजर व्हायचंय. ते तिच्यापुढे बोलायला तोंडच उघडेना. तुझ्या फोटो धुवायच्या काळोखाच्या खोलीत गेलं की तोच औषधांचा वास, तोच लाल दिवा. छातीवर कोणी बसल्यासारखं व्हायचं. तू सुटलास रे! स्टुडिओची किल्ली माझ्या हातात देऊन सुटलास.

शेवटी घरी प्रिंटर घ्यायचं ठरवलं. खिशाला झेपेल असा, एका फोटोपुरता. कुडाळच्या फोटो लॅबमधून तुझी निगेटिव्ह सीडीवर घेतली. त्यांनीच रंगीत कागदावर एक काढून दिला, त्यात तू पान खाल्ल्यासारखा तांबूस! मग कणकवली झाली, पुन्हा कुडाळ झालं. दुकानदार नमुना म्हणून गुलाबाचं फूल छापून दाखवायचे. मी म्हणायची, फूल नको, माझे बाबा छापा.

लेझर प्रिंटरमधला काळा झकास, पण तोंड सपाट. रेशन कार्डावर होतास ना, तस्सा. एकाने मोठ्या प्रिंटरचं चित्र दाखवलं, त्यात करड्या शाईच्याच दोन-तीन डब्या. "ताई, ह्याच्यावर तुमचा स्टुडिओ चालेल," म्हणाला. मी पायऱ्या उतरले ते थेट स्टँडवर! मला स्टुडिओ चालवायचाच नव्हता.

तिसरा नमुना दुकानातल्या ट्यूबलाइटखाली देखणा दिसला. खुशीत घरी आणला. आईने अंगणात उन्हात धरला आणि नाक मुरडलं. "शी गो! हे शिळ्या बांगड्यासारखे दिसतत." बघते तर खरंच तू हिरवट! रंगांच्या शाया मिसळून केलेला काळा तो, उन्हात उघडा पडला. त्यानंतर मी दुकानात बजावायला लागले, फक्त काळ्या शाईवर छापा.

तुझी रीत आठवली. नवा कागद आला की तुकडा मागच्या दारी, खाऱ्या वाऱ्यात, आईच्या मासळीच्या दोरीवर टांगायचास. "हंय टिकलो तर खंयव टिकतलो." मीही तसंच केलं. उरलेल्या नमुन्यांतले सगळे तू, चिमटे लावून, खारवलेल्या मोरी माशाच्या तुकड्यांच्या रांगेत. एकाची शाई दुसऱ्या सकाळीच दवाने पसरली. तेवढ्यात शेजारची शालीकाकी कुंपणाशी आली, बघत राहिली, आणि तुझ्याकडे बोट दाखवून आईला म्हणाली, "गो, घोवाक सुकत घातलंस काय?"

आई हसली, बाबा. पदर तोंडात कोंबून हसली, आणि मग तिथेच पायरीवर बसून रडली. वर्षभर तिने दोन्हींतलं काहीच केलं नव्हतं.

एक नमुना टिकला. साधा घरगुती प्रिंटर, पण त्याची काळी शाई पाण्याला दाद देत नाही. जवळून बघितलं तर ठिपके दिसतात, चार हात लांबून मात्र तू आहेस. तोच घेतला.

आज तू भिंतीवर चढलास आणि शालीकाकी दारात हजर. हातात तिच्या नवऱ्याचा कुरतडलेला फोटो. "बाय, ह्येंचोव करशीत मां?" झालं! आता ही, मग सगळी वाडी. मी नाही म्हणू शकले असते का? तू कधी म्हणालास?

माझ्या आधी आई बोलली. "परवा ये गो शाली. आधी माका शिकांदे." मग माझ्याकडे वळली. "बटाण खंयचा ता दाखय. तुका कोल्लापूराक जावचा आसा मां? फोनार बोलतंस ता माका आयकाक येता."

तू तिला काळोखाच्या खोलीत कधी घेतलं नाहीस. मासळीचे हात कागदाला लागतील, डाग पडतील, म्हणायचास. वाईट होतं ते, बाबा. ती बाहेर उभी राहून चहा आत सरकवायची.

तिने मासळीच्या हातानेच बटण दाबलं. कागद सरसर बाहेर आला तशी दचकली, मग परत दाबलं.

उद्या तुझं पान वाढते. ते उरकलं की तिला शिकवायला बसते, आणि तुळशीचं लग्न झालं की निघते. नक्की निघते. बटणावर एक खवलं चिकटलंय. ते मी पुसणार नाही, आणि तूही भिंतीवरून काही बोलायचं नाहीस.

तुझीच,
बाय