रेघेच्या आत

२ मार्च, सोमवार
पोहोचले एकदाची! दोन तास गाडीने हाडं खिळखिळी केली, पण जागा पाहून सगळा शीण गेला. कारखाना गाद्यांचा. जुन्या गाद्या येतात, बायका त्या उसवतात, कापूस पिंजतात आणि नव्या खोळीत भरून परत पाठवतात. चाळीसेक बायका, सगळ्या मागच्या खोल्यांतच राहतात. आणि आजपासून त्यांची सिस्टर मी.

दवाखोली छोटी पण लख्ख आहे. एक खाट, औषधांचं कपाट, बेसिन आणि वजनकाटा. काटा मला चार किलो जास्त दाखवतो, त्यामुळे आमचं फारसं पटेल असं वाटत नाही. देखरेख मोठ्या बाईंची. तीस वर्षं इथे आहेत, सगळ्यांना बाळ म्हणतात, मलाही लगेच म्हणाल्या. दादाने निघताना बजावलं होतं की नव्या जागी आठ दिवस तरी जीभ आवर. आवरतेय.

४ मार्च, बुधवार
इथला मुख्य आजार एकच, चावे. जुन्या कापसात कसले कसले किडे येतात, उसवताना डसतात. उपचार साधा आहे. जागा साबण-पाण्याने धुवायची, थंड फडकं ठेवायचं, खाज कमी व्हायची गोळी द्यायची आणि नखं लावू द्यायची नाहीत. ओठ-जीभ सुजली किंवा श्वास लागला तर तडक डॉक्टर, एक मिनिटही थांबायचं नाही. लाली पसरतेय, ताप येतोय, चाव्यापासून वर लाल रेषा चढतेय, तरीही डॉक्टरच. मी नर्सिंगला होते तेव्हापासून तोंडपाठ.

गंमत म्हणजे इथल्या बायकांना हे माझ्याआधीच माहीत आहे! चावलं की लालीच्या कडेने निळ्या पेनाने गोल रेघ काढतात. भिंतीवर कुण्या जुन्या डॉक्टरांनी लिहिलेली पाटी आहे, लाली रेघेबाहेर गेल्यास गाडी मागवावी. गाडी एकच, आणि बाईंच्या चिठ्ठीशिवाय ती हलत नाही. शिस्त म्हणजे शिस्त. चिमणी मला हे सगळं समजावत होती. नाव चिमणी, पण अंगाने दोन माणसांएवढी. कापसाचं गाठोडं पिशवीसारखं उचलते. तिच्या दंडावर तीन गोल होते, तिन्हींतली लाली आतल्या आत विरलेली. मी तिची पाठ थोपटली.

९ मार्च, सोमवार
जुनी नोंदवही चाळली. पानंच्या पानं एकच शेरा, रेघेच्या आत. वर्षाकाठी एखादीलाच गाडी. इतका चांगला हिशेब मी कुठल्याच दवाखान्यात पाहिलेला नाही.

उश्या भरणारी एक बाई आहे, सगळ्या तिला उशीवालीच म्हणतात. अबोल आहे. पाच दिवसांपूर्वी पोटरीला चावलंय. पाय गरम लागला. पण रेघेच्या आत होता, म्हणून गोळी दिली आणि पाय वर ठेवून बसायला सांगितलं. तिची रेघ मात्र फार ठळक वाटली. पाच दिवसांची रेघ इतकी निळी राहते?

१० मार्च, मंगळवार
आज टेप घेऊन गेले. काल गोल वीतभर होता. आज गुडघ्याला टेकलाय.

चिमणीला विचारलं. ती अगदी सहज म्हणाली की आंघोळीने रेघ पुसट होते ना, म्हणून आम्ही रोज सकाळी नवी काढतो. कशाच्या कडेने काढता, विचारलं. तर म्हणाली, लालीच्या कडेने, आणखी कशाच्या?

रोज सकाळी लाली जिथवर गेली असेल तिथे नवी रेघ. मग ती बाहेर जाणार कशी? वर्षानुवर्षं हेच चाललंय आणि कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, चांगले सहा दिवस. मी पाठ थोपटली होती!

बाईंकडे धावले. त्यांनी शांतपणे ऐकलं, पाय पाहिला आणि म्हणाल्या की आत तर आहे. भांडले. दादाचे आठ दिवस संपलेच होते. संध्याकाळी चिठ्ठी मिळाली.

१३ मार्च, शुक्रवार
उशीवाली गेली. दवाखान्याने सांगितलं की विष रक्तात भिनलं होतं, एक दिवस आधी तरी आणायला हवं होतं. मी बेसिनपाशी उभी राहून रडले. चार दिवसांपूर्वी ती माझ्यासमोर बसली होती.

सगळ्यांना एकत्र बसवून समजावलं. पहिली रेघ पुसायची नाही. पुसट झाली तर तिच्यावरूनच गिरवायची. सगळ्या ऐकत होत्या, पण माझ्याकडे बघत कुणी नव्हतं. शेवटी चिमणी हळूच म्हणाली की इथे होती तोवर बोलत होती, तुम्ही पाठवलंत आणि गेली.

मी कपाळाला हात लावला. उशिरा नेली म्हणून गेली, हे चार वेळा सांगितलं. बाई म्हणाल्या की बाळ, तीस वर्षांत त्या गाडीने नेलेलं कुणीही परत आलेलं नाही. साहजिक आहे! गुडघ्यावर काळं पडेपर्यंत थांबायचं आणि मग न्यायचं. पण त्यांना त्यातलं नेणं तेवढं दिसतं. थांबणं कुणाला दिसतच नाही.

१६ मार्च, सोमवार
मला चावलं. डाव्या मनगटाच्या वर. उसवलेल्या गाद्या तपासत होते, दिसलंही नाही काय होतं ते. धुतलं, थंड फडकं ठेवलं, गोळी घेतली. रुपयाएवढी लाली आहे. रेघ काढली आणि खाली तारीख-वेळ घातली. बायका बघत होत्या. म्हटलं बघा, नीट कसं करतात ते.

१८ मार्च, बुधवार
सकाळी अंगात कणकण. लाली रेघेबाहेर दोन बोटं. बाहेर म्हणजे बाहेर, वादच नाही. बाईंकडे गेले, हात पुढे केला, चिठ्ठी द्या म्हटलं. त्यांचे डोळे भरून आले. बस म्हणाल्या. स्पिरिटचा बोळा आणला, माझा हात मांडीवर घेतला आणि हळूहळू पुसू लागल्या. मला वाटलं जखम साफ करतायत. मग पेन काढलं.

माझी तारीख-वेळ पुसली गेली. नवी रेघ लालीच्या नव्या कडेला. हे बघ, आत आहेस, म्हणाल्या.

मी हसले. खरंच हसले, मला ती थट्टा वाटली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, एक गमावली, तुला नाही पाठवायची.

१९ मार्च, गुरुवार
ताप १०२. काखेत गाठ. कोपरावरून लाल रेषा वर चढतेय. याचा अर्थ मला कळतो, हेच वाईट आहे. आज डॉक्टरकडे पोहोचले तर हात वाचेल, मीही वाचेन. सलाईनमधून औषध हवं, माझ्या कपाटात तसलं काही नाही.

गाडीवाल्याकडे गेले. त्याने हात जोडले. म्हणाला, मीच नेतो आणि मीच रिकामा परत येतो, सिस्टर, आता माझ्याच्याने होत नाही. मग पायीच निघाले. फाटकापर्यंत गेले. पुढचं आठवत नाही. चिमणीने उचलून आणलं म्हणे. माझे तळवे चोळत होती आणि रडत होती.

२० मार्च, शुक्रवार
इथे मोबाइल लागत नाही, फोन एकच, बाईंच्या कुलूपबंद ऑफिसात. त्यावर दादाचा फोन आला होता. मला उठवलं नाही. बाईंनी त्याला सांगितलं की रुळलीय, छान आहे, झोपलीय. हे त्या मला प्रेमाने सांगत होत्या, पेज भरवता भरवता —

ओरडले. आवाज फुटला नाही नीट.

रेघ दंडावर आहे. सकाळी काढली. दुपारी पुन्हा काढली.

सगळ्या आळीपाळीने बसतात. कपाळावर फडकं, तोंडात पाणी. कुणी वाईट नाही इथे. एक जरी वाईट असती तर तिला पैसे चारले असते, धमकावलं असतं. यांना काय करू?

२१, शनिवार
हुडहुडी. दात वाजतात. रेघ खांद्यावरून मानेकडे — पेन गुदगुल्या करतं. वहीत लिहू देतात. लिहिलं की मन शांत राहतं म्हणतात.

चिमणीला सांगितलं, मी मरतेय गं. सोपं करून सांगितलं. लाली बाहेर गेलीय, तू पाहिलंस, तू स्वतः पाहिलंस. ती मान हलवत राहिली. आत आहे सिस्टर, आत आहे. कान झाकून घेतले तिने.

रविवार?
अंगावर आता जागा नाही. छातीवर डाग आलेत, वेगळे, जांभळे. बाई पेन घेऊन बराच वेळ उभ्या होत्या. मग खडू आणला. वाकून — फरशीवर — माझ्या खाटेभोवती पूर्ण रेघ काढली. उठल्या तेव्हा चेहरा किती हलका झाला होता त्यांचा. म्हणाल्या, आता काळजी नाही.

श्वास लागतोय

दिवस आहे. ऊन
सुचलं. नियम त्यांचाच आहे. रेघेबाहेर गेलं की गाडी. पाय — पाय माझे चालतात अजून. खाटेवरून फक्त एक पाय खाली सोडायचा. वीतभर लांब आहे रेघ.

सोडला. टाच टेकली. अजून पुढे. अंगठा पांढऱ्यावर — पलीकडे! पलीकडे टेकलाय! चिमणीला हाक मारली. धावत आली. दाखवला. बघ. बाहेर आहे की नाही, खरं सांग.

बघते आहे. तोंडावर हात. हो म्हणाली. बाहेर आहे म्हणाली! गाडी, चिमणे, पळ, आधी गाडी —

पळाली नाही. खाली बसलीय. रडतेय, एका हातात खडू, आणि ओल्या फडक्याने रेघ पुस