आरशाची वरची पट्टी

आलापल्ली, ३ नोव्हेंबर

चि. मयुरीस मामाचा जयभीम नि आशीर्वाद.

वि. वि. तुझ्या पाठीच्या बेल्टाची खरी किंमत सांगू? नागपूरच्या चकरा, तुझ्या बापाच्या रजा आणि तुझे सारे आवडते कुर्ते. एवढं झाल्यावर डॉक्टर म्हणते, पाठीचा बाक वाढणं थांबलं. मी इकडे पेढे वाटले, अन् तुझी आई सांगते, पोरगी माझ्या रिनाच्या लग्नाले येत नाई! काऊन? फोनवर आई बाजूले असते, तू नुसतं हं हं करते. म्हणून मिथुन ड्रायव्हरच्या हाती चिठ्ठी.

उन्हाळ्यात दिलेला आरसा कसा आहे? घाईत केला, पण साग आलापल्लीचा अन् हात मामाचा. चौकटीवर बुडबुड्याची पाणसळ ठेवून पाहा, सूतभर फरक निघाला तर धंदा सोडतो.

लोभ आहेच, तो वाळू देऊ नको.
देवाजीमामा

एटापल्ली, ६ नोव्हेंबर

ती. मामास सा. जयभीम.

डॉक्टर खोटं बोलतात, मामा. मी रोज बेल्ट काढून तुमच्या आरशासमोर उभी राहते, वरच्या पट्टीशी खांदे जुळवते. उन्हाळ्यात डावा खांदा थोडाच खाली होता, आता पार उतरला. एक्स-रेत वाढ नाही, मग हे काय? सांगितल्यापेक्षा जास्त वेळ बेल्ट घालते, तरी उतरतोच. वर्गात मला ‘तराजू’ म्हणतात. लग्नातल्या पांढऱ्या साडीत तर सगळंच दिसेल. रिनाताईला सांगा, परीक्षा आहे.

माया असू द्या.
मयुरी

आलापल्ली, ९ नोव्हेंबर

चि. मयुरीस आशीर्वाद.

मले काही समजून नाई राह्यलं. यंत्र खोटं का तुझे डोळे? पण गिऱ्हाइकाच्या ‘पाहू’तला ‘नाई’ मले ऐकू येते. तुझ्या ‘परीक्षे’त भीती ऐकू आली. रिना म्हणते, मयुरी बाजूले नसली तर मी स्टेजवर चढतच नाई. तुमच्याकडे संघपाल मिस्त्री न्हाणी बांधून राह्यला ना? त्याची पाणसळ घे अन् ठेव खांद्यावर! हसली का?

दोन ओळी तरी लिहिजो.
देवाजीमामा

एटापल्ली, १२ नोव्हेंबर

ती. मामास सा. जयभीम.

खरंच ठेवली. बुडबुडा पळाला. संघपालदादा म्हणाला, श्वास घेऊ नको बाई, भिंत हालते! आई हसली, मग मीही. खांदा खाली आहेच, पण थोडाच, उन्हाळ्याइतकाच. डॉक्टर खोटं बोलत नव्हते. हे चांगलं की वाईट, अजून कळत नाही. पण लग्नाला येते. रिनाताईला सांगा, फोटोत कोणत्या बाजूला उभी राहू ते तिनंच ठरवावं.

पेढे माझ्यासाठी ठेवा.
मयुरी

ता. क. दादानं पाणसळ मग आरशावरही ठेवली. साग ओला होता म्हणे. वाळता वाळता वरची पट्टी उजवीकडे उतरली आहे. तीन सूत.