बाळ कोण घेणार?

नाशिक, ता. ११ जुलै १९३५

ती. सौ. भागीताईस,
धाकट्या द्वारकेचा कृ. सा. न. वि. वि.

बी. ए. झालेल्या आईच्या मुलांना भूकसुद्धा घड्याळ बघून लागते का, हा तुझा टोमणा पोचला. हसून घे. पण आमचा आठ महिन्यांचा बाळ, मी अकराला शाळेत शिकवायला गेले की झोपतो, तो चारला परत येईपर्यंत उठत नाही. वेळेवर दूध, वेळेवर अंघोळ, रडला तरी लगेच उचलायचे नाही, सगळे पुस्तकाप्रमाणे. सासूबाईसुद्धा हल्ली काही बोलत नाहीत.

चार वर्षांची शरू मात्र कोणत्याच पुस्तकात मावत नाही. काल तिने यांच्या कोर्टाच्या काळ्या कोटाचे खिसे भिजवलेल्या पोह्यांनी भरले. बाबांना डबा दिला म्हणे!

तुझी कुसा तिसरीत गेली हे वाचून फार आनंद झाला. तिला शाळेतून काढू नका म्हणून मी भावजींशी भांडले, ते वाया गेले नाही.

मुलांना गोड पापा. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी द्वारका


देवळा, ता. १९ जुलै १९३५

चि. सौ. द्वारकेस,
भागीताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझे पत्र वाचताना आधी हसू आले, मग काळजी वाटली. आठ महिन्यांचे पोर भर दिवसा पाच तास झोपते, ते पुस्तकामुळे नव्हे. मी चार वाढवली, एकही इतके शहाणे निघाले नाही. तो उठल्यावर त्याचे डोळे बघ. मान टाकतो का, दूध नीट ओढतो का, तेही बघ. सासूबाईंच्या पानसुपारीच्या चंचीत बाळगोळी सापडेल. तिच्यात अफू असते. त्यांच्यावर एकदम तुटून पडू नकोस. इथेही घरोघर देतात.

कुसाने धाकट्याला शिष्य केले आहे. अक्षर चुकले की मास्तरांसारखा कान पिरगळते. तो रडतो आणि पुन्हा तिच्याचपुढे पाटी घेऊन बसतो.

सगळे लगेच कळव. जीव टांगलेला आहे.
तुझी ताई


नाशिक, ता. २ ऑगस्ट १९३५

ती. सौ. भागीताईस,
कृ. सा. न. वि. वि.

गोळी सापडली. सासूबाई जराही ओशाळल्या नाहीत. म्हणाल्या, की हीच गोळी खाऊन तुझा नवरा वकील झाला. मी साठीची बाई. एक कडेवर, दुसरी विहिरीकडे धावतेय आणि चुलीवर भात. तुझ्या पुस्तकात सासूसाठी एखादे पान आहे का? यांनी वर्तमानपत्रातून डोके वर न काढता सांगितले, की मग शाळा सोड.

गोळी बंद केली, तेव्हापासून बाळ रात्रंदिवस आक्रोश करतो आहे. मी रजा घेतली आहे, ती या महिन्यापुरतीच. सांभाळायला बाई ठेवावी, तर सासूबाईंच्या सोवळ्यात परकी बाई चालत नाही. आपल्यातलेच कोणी हवे.

ताई, दिवाळीपर्यंत कुसाला पाठवशील का? रोज संध्याकाळी मी तिला शिकवीन. आपल्या घरात पहिली पदवी माझी. मीच शाळा सोडून बसले, तर मुली शिकवून काय मिळवले, असे लोक विचारतील.

नाही म्हणायचे असेल, तरी दोन ओळी लिही.
तुझी द्वारका


देवळा, ता. १० ऑगस्ट १९३५

चि. सौ. द्वारकेस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

कुसाला रविवारच्या मोटारीने पाठवते आहे. यांची समजूत घालावी लागलीच नाही. मी हेच म्हणत होतो तेव्हा तुझी बहीण भांडली, आता तिलाच अक्कल आली, असे म्हणून लगेच शाळेतून नाव काढून आणले.

मला नको म्हणता आले असते. पण मी नको म्हटले की त्या लेकराच्या तोंडात पुन्हा अफू जाणार, हे ठाऊक असताना कसे म्हणू? तू हे ओळखून मागितलेस की नकळत, ते विचारत नाही.

कुसा रडली नाही. मावशीच्या शाळेत मला बसवतील ना, एवढेच तिने विचारले. मी हो म्हणून बसले आहे. पुढचे तुझ्याकडे.

तिला डाव्या कुशीवर झोप लागते.
ताई


नाशिक, ता. १८ नोव्हेंबर १९३५

ती. सौ. भागीताईस,
कृ. सा. न. वि. वि.

बाळाने बाळसे धरले. आता धरून उभा राहतो आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल असा रडतो. सासूबाई कुसावर इतक्या खूश आहेत, की शरूची वेणीसुद्धा तिलाच घालायला सांगतात.

शाळेचे तू दोनदा विचारलेस. शाळेच्या वेळातच बाळाला घ्यायला कोणीतरी लागते, म्हणून तिला बसवता आलेले नाही. संध्याकाळी मी पुस्तक काढते, तोवर ती पाळण्याशी झोपलेली असते. हलवले की दचकून उठते आणि डोळे न उघडताच दोरी ओढू लागते.

दिवाळीनंतर तिला धाडायचे ठरले होते. पण बाळ नीट चालू लागेपर्यंत ठेवावी, असे यांनी भावजींना लिहिले आणि त्यांचा होकारही आला. तुला विचारले होते की नाही, मला माहीत नाही. मीही विचारले नाही.

शनिवारी इथल्या महिला मंडळात मुलींच्या शिक्षणावर माझे व्याख्यान झाले. कुसा बाळाला कडेवर घेऊन मागे भिंतीशी उभी राहून ऐकत होती. मध्येच बाळ किरकिरू लागला. मी बोलता बोलताच तिला बाहेर जाण्याची खूण केली. ती लगेच गेली. व्याख्यान फार चांगले झाले, असे सगळ्या म्हणाल्या.

रागाने लिहिलेस तरी चालेल, पण लिही.
द्वारका