दुधापाशी

आई,

तू जाऊन इतकी वर्षं झाली, की तुझा आवाज आठवायचा तर आता तुझी बोलणीच आठवावी लागतात. नारायण पेठेतल्या आपल्या दोन खोल्या. तू शाळेतून येतेस, साडी बदलतेस, स्टोव्हवर दूध ठेवतेस आणि मला त्यापाशी उभी करतेस. हातात काही घ्यायचं नाही हा तुझा नियम. पुस्तक नाही, विणकाम नाही, नुसतं दूध बघायचं. तू बाहेरच्या खोलीत पेपर तपासत बसायचीस आणि मधूनच विचारायचीस, "आलं का गं?" मी म्हणायची, "येतंय." एकदा मी फ्रॉकमागे मासिक लपवून नेलं आणि दूध उतू गेलं. तू दारात येऊन म्हणालीस, "तुला दूध बघायला ठेवलं होतं. तू बघेनास, म्हणून तेच बिचारं बाहेर आलं तुला बघायला." मग फडकं घेतलंस आणि पुसायला लागलीस. तू मारलं असतंस तर बरं, असं मला वाटलं होतं.

आणि रथसप्तमीला तूच गॅलरीत गोवऱ्या पेटवून, छोट्या बोळक्यात दूध ठेवून, ते मुद्दाम उतू जाऊ द्यायचीस. वर्षभर थेंबाथेंबाला जपणारी तू त्या दिवशी सूर्याकडे तोंड करून हसत उभी असायचीस. फेस कडेवरून ओघळला की म्हणायचीस, "बघ, कसं भरून आलं!"

आता मी हडपसरला अकराव्या मजल्यावर राहते. हे गेल्यापासून एकटीच. दूध खोक्यातलं येतं, उकळावं लागत नाही. चहा पिताना हातात मोबाईल असतो आणि चहा कधी संपला ते कळत नाही. दिवसही तसेच संपतात. मागच्या महिन्यात खोकी आली नाहीत म्हणून खाली डेअरीत गेले. तिथली बाई म्हणाली, "म्हशीचं संपलंय काकू, गाईचं हाय. तापवून घ्या मातर." वर येऊन दूध गॅसवर ठेवलं आणि सवयीनं मोबाईल उचलला. तेवढ्यात मला तुझा नियम आठवला. खोटं कशाला सांगू, दचकलेच. मोबाईल बाहेर ठेवून आले आणि उभी राहिले.

बराच वेळ काही होत नाही. मग कडेकडेनं बारीक बुडबुडे धरतात. वर साय येते, तिला सुरकुत्या पडतात. आणि मग पांघरुणाखाली कुणी झोपेत श्वास घ्यावा तशी ती मधोमध हळूच उचलली जाते. आई, जन्मभर दूध तापवलं गं मी, पण हे पाहिलंच नव्हतं. तोंडून "अगंबाई!" निघालं. गॅस बंद केला आणि सांगायला वळले, तर मागे फ्रिज.

लेकाला फोन लावला. तो घाबरला. "आई, काय झालं?"

"काही नाही रे. दूध वर आलं."

"बरं. मग?"

त्याचं काही चुकलं नाही. ऑफिसात होता तो. पण त्या "मग?"वर मी "काही नाही, कर तू काम" म्हणून फोन ठेवला. म्हणून आज हे तुला लिहायला बसले.

तेव्हापासून रोज दूध तापवते. खोकी पुन्हा यायला लागली आहेत, तरी त्यातलंही तापवते. संध्याकाळची तेवढी पाच-दहा मिनिटं मी अगदी इथे असते, दुसरीकडे कुठेही नसते. ती फार चांगली जातात. त्यानंतरचं घर मात्र पूर्वीपेक्षा मोठं वाटतं.

हा कागद घडी करून ओट्यावरच्या साखरेच्या डब्याखाली ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे धाडू? एक तेवढं सांगायचं राहिलं. काल रथसप्तमी नव्हती. दूध वर येताना मला नीट दिसत होतं, हात गॅसच्या बटणावरच होता. तरी मी ते बंद केलं नाही. सगळं ओट्यावरून खाली ओघळेपर्यंत उभी राहिले, बाहेरच्या खोलीकडे कान देऊन.