सिंकपुढचं पायपुसणं

आबा, काल आईसाठी पायपुसणं घ्यायला बाजारात गेले होते. स्वयंपाकघरातल्या सिंकपुढे टाकायला. तुम्ही गेल्यापासून ती इथे जळगावात माझ्याकडेच असते. ऐंशी ओलांडली तरी स्वतःचं ताट स्वतःच घासते, दुसऱ्याला हात लावू देत नाही. मागच्या आठवड्यात सांडलेल्या पाण्यावर तिचा पाय सरकला. ओट्याची कड हाती आली म्हणून निभावलं. मी म्हटलं, खाली काहीतरी टाकू या. तर म्हणाली, "माले पायखाले काही नको. तुना बापनी आनेल पट्टावरच पडनू व्हतू मी." इतकी वर्षं झाली, पण तिचा राग काल घडल्यासारखा ताजा आहे.

तो पट्टा तुम्ही डाळमिलमधून आणला होतात. मशीनवरून उतरवलेला, रबराचा, एका बाजूने खाचा असलेला. मोरीपुढची शहाबादी फरशी कायम ओली, म्हणून तुम्ही तो मापात कापलात, खाचा वर ठेवून अंथरलात आणि दोन-तीनदा स्वतः उभं राहून पाहिलंत. आई हसली. कुणी हसलं की तुम्ही जास्तच गंभीर व्हायचात. आठवड्याने शिरपूरहून मामा-मामी यायचे होते. मी बारा वर्षांची, टापटिपीचं भारी वेड. खाचांत अडकलेलं खरकटं मला बघवेना. पट्टा खसाखसा घासला आणि उलटा टाकला. ती बाजू कशी गुळगुळीत, काळीभोर दिसत होती. आई भरलेला हंडा घेऊन येते, पट्ट्यावर पाय ठेवते आणि पडते. ती विव्हळत असताना मी आधी काय केलं, तर पट्टा पुन्हा सुलटा केला. मग तिच्याकडे वळले.

तुम्ही मिलमधून धावत आलात. आईने सगळा राग तुमच्यावर काढला. तुम्ही पट्ट्याकडे बघितलंत. खाचा वरच होत्या. "मनीच चूक शे," एवढंच म्हणालात आणि तो गुंडाळून बाहेर नेऊन टाकलात. आईचं मनगट वाकडंच जुळलं. पीठ मळायला जोर लागतो, तो तिच्या हातात उरला नाही. मग मिलला जायच्या आधी कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या भाकरीचं पीठ तुम्ही मळून द्यायला लागलात. गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. पण त्याहून मला टोचतं ते हे, की त्यानंतर घरात तुम्ही हौसेने काही आणलं नाहीत. सांगितलेली भाजी, सांगितलेलं तेल, बस. चूक तुमची नव्हती, हे घरात फक्त मला ठाऊक होतं. त्याची मला फार लाज वाटते.

दुकानदार मारवाडी, बोलघेवडा. आधी त्याने जाड, मऊ, केसाळ पायपुसणं काढलं. छान होतं, पण एकदा भिजलं की दोन दिवस वाळलं नसतं. मग केळीच्या सोपटाच्या दोऱ्यांचं दाखवलं. त्याच्या सुटलेल्या टोकांत आईचा पाय अडकला असता. शेवटी पातळ, सुती, खाली रबराचे ठिपके असलेलं घेतलं. आमची फरशी पांढरी, म्हणून रंग गडद निळा. तिला कड दिसायला हवी. "हे उलटं टाकलं तर?" मी विचारलं. "ताई, उलटं कोण टाकतं?" तो हसत म्हणाला. मी पिशवी उचलली आणि निघाले.

आज सकाळी आईने बरीच कुरकूर करून त्यावर एक पाय ठेवला, मग दुसरा. सावकाश ताट घासलं. "पाय सरकस नही," ती म्हणाली. "तुले अक्कल शे. तुना बापले इतलं सुचनं नही." सांगायची वेळ तीच होती. त्यांनी आणलेलं बरोबर होतं, उलटं मी टाकलं होतं, दोनच वाक्यं. मी तिच्या हातातलं ताट घेतलं, पुसलं आणि मांडणीत लावलं.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून तर इतकं भराभर लिहून झालं. जिला वाचून दाखवायला हवं ती पलीकडच्या खोलीत शेंगा सोलत बसली आहे. मी उठत नाही. आबा, तिने केलेलं ते कौतुक मला फार आवडलं.