टवक्याचं पान

५ फेब्रुवारी, सोमवार

शिशावर छाप!

दुपारी जेवून पडायच्या आधी शिसं ठोकून सपाट केलं होतं. ते मी विसरत नाही. वडिलांची शिस्त – ठशावर चांदीचा पत्रा, पत्र्यावर शिसं, शिशावर हातोडा. काम थांबलं की शिसं कोरं! नाहीतर त्या छापेवरून कुणीही आपला ठसा उतरवून नेईल. चारला उठून बघतो तर बेलाचं पान, तिन्ही दळं ठळक.

घरात तिघंच. मी, संगमेश, सूनबाई. कुठंतरी पाणी मुरतंय.

६ फेब्रुवारी

चांदी तोलून बघितली. पत्रा कमी, पण मोडीच्या, भंगार चांदीच्या डबीत तेवढीच जास्त. मोडीत चिरलेली पानं सापडली. म्हणजे चोर शिकाऊ आहे. चांदी न नेणारा चोर! मग त्याचा डोळा ठशावरच असणार.

८ फेब्रुवारी

आज संगमेशनं स्वतःच विषय काढला. चादरीच्या कारखान्यातून दुपारी जेवायला येतो, तेव्हा.

"अप्पा, पुण्याचा एकजण जुने ठसे घेतोय. आता लिंग ठेवायच्या चांदीच्या करडग्या कोण हातानं करून घेतंय? मशीनवर निघत्यात की."

म्हटलं, मी मेल्यावर बघ. तो हसला. हसायचं काय कारण?

पोटचा पोरगा. जेवण गेलं नाही.

९ फेब्रुवारी

पुन्हा छाप. आज भिंग लावून बसलो.

आपल्या ठशाच्या एका दळाला टवका आहे, वडिलांच्या वेळचा. माझा घाव जन्मभर त्या टवक्याच्या दळावर जड पडतो – उजव्या हाताचा वार. ही छाप उलटी. टवक्याकडे हलकी, पलीकडे खोल. हा हात डावखुरा!

संगमेश उजवा. डावखुरी एकटी सूनबाई, राजेश्वरी. लग्नाच्या वर्षी पंगतीत डाव्या हातानं वाढायला लागली म्हणून मीच तिला बोललो होतो.

मैंदर्गीची पोर, वरून गरीब गाय. माझी पानं घासून करडगीच्या तारेच्या जाळीत बसवायचं काम मीच तिच्याकडे दिलं. घरचा भेदी म्हणतात तो हाच. नवऱ्याची फूस असणार.

१० फेब्रुवारी

विचारलं तिला. "ठशाला हात लावतीस?"

हातातलं पान बाजूला ठेवून उठली. मग म्हणे, "मामा, च्या टाकू का?"

झालं! आणखी काय पुरावा पाहिजे? ठसा ट्रंकेत घातला, किल्ली करगोट्याला बांधली. आता घ्या म्हणावं छापा.

११ फेब्रुवारी

शिसं कोरं. शांत झोप लागली.

१३ फेब्रुवारी

सकाळपासून पानं ठोकून सूनबाईकडे दिली. तिनं एक उजेडात धरलं. "मामा, हे चिरलंय." दुसरं. "हे पन." मला तर काही दिसलं नाही. भिंगातून बघितलं – खरंच, केसासारखी चीर. पत्रा हलका आलाय. सराफानं फसवलं! तीस वर्षांच्या ओळखीचा माणूस, पण आता कुणाचा भरवसा धरावा?

खांदा दुखतोय. थंडीनं हात जरा कापतो, तेवढंच.

१४ फेब्रुवारी

सराफाकडून दुसरा पत्रा आणला. तोही चिरतोय. त्याला चार शब्द सुनावून आलो.

सूनबाई चिरलेली पानं उचलते, मोडीत टाकते. फार सवयीनं टाकते.

१५ फेब्रुवारी

अक्कलकोटचे ईश्वरप्पा आले होते. दिवाळीत नातवासाठी माझ्याकडून नेलेली करडगी उजळायला आणली. दुकानात चार माणसं होती, त्यांच्यासमोर म्हणाले, "अप्पा, ह्या वयात पन हात लई साफ हाय की तुमचा."

छाती फुगली. ते गेल्यावर करडगी हातात घेतली, सहज भिंग लावलं.

टवक्याचं दळ हलकं. पलीकडचं खोल.

१६ फेब्रुवारी

मोडीची डबी कागदावर पालथी केली. चिरलेलं एकेक पान भिंगाखाली धरलं. सगळी टवक्याच्या बाजूला जड – माझीच. जाळीत बसली ती तिची.

खूप लाज वाटली. किल्ली करगोट्यावरनं सोडली आणि राजेश्वरीच्या हातात दिली – डाव्या.