वरचा मजला शुभदा आणि अक्षता यांचा

मी, यशवंत भागवत शिवशरण, वय ७४, एस.टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झालेला मेकॅनिक, राहणार भवानी पेठ, सोलापूर, माझ्या मागे काय कोणाला जावे हे आज पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. कोणाचाही दबाव नाही असे लिहायची पद्धत आहे. दबाव आला, मी तो मानला नाही. डॉक्टरांचा आजच्याच तारखेचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा मुलगा सुमित याने दिवाळीत चारचौघांत सांगितले की म्हाताऱ्याचे डोके ठिकाणावर नाही.

कलम १. यापूर्वीची माझी दोन मृत्युपत्रे मी रद्द करतो. उद्या कोणी ती कोर्टात दाखवील, म्हणून ती का केली होती तेही लिहितो.

पहिले २०१५ चे. माझी मुलगी शुभदा तेव्हा तीस वर्षांची होती, बार्शीत नर्स. तिने घरी येऊन सांगितले की करमाळ्याकडची अक्षता बिरुदेव देवकते हिच्याबरोबर ती राहते आणि लग्न तिच्याशीच करणार. मी नोकरी सांभाळून बौद्धाचार्य म्हणून वस्तीतली लग्ने लावत आलो. शुभदा म्हणाली, "बाबा, आमचंही तुम्हीच लावा." मी तिला दार दाखवले आणि आठ दिवसांत वकिलाकडे जाऊन तिचे नाव काढून टाकले.

दुसरे २०१९ चे. आदल्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने असे संबंध हा गुन्हा नाही असे ठरवले होते. ती बातमी मी दोनदा वाचली. वाटले, गुन्हा नसेल तर मुलीला हिस्सा द्यावा; लग्न मात्र वेगळी गोष्ट. म्हणून वरचा मजला तिला दिला आणि "ती एकटी राहिल्यास" अशी अट घातली. प्रत पोस्टाने पाठवली. ती परत आली. मागे तिच्या अक्षरात एकच ओळ होती : "बाबा, मी एकटी राहत नाही."

कलम २. यात देण्याघेण्याचे काही नाही, पण हे वगळले तर पुढचे कोणाला पटणार नाही. २०२१ मध्ये माझी पत्नी विठाबाई हिला अर्धांगवायू झाला. शुभदाला कोविडच्या वॉर्डातून सुटी मिळेना. अक्षता बार्शीच्या कॉलेजात प्रयोगशाळेत काम करते. कॉलेज बंद होते, ती आली आणि चार महिने राहिली. विठाबाईला उचलणे, अंघोळ घालणे, भरवणे, सगळे तिने केले. मी तिच्या हातचे पाणी घेत नव्हतो. ती तांब्या ठेवायची. मी उठून माठातले दुसरे घ्यायचो.

एका दुपारी विठाबाईने ते पाहिले. शब्द नीट फुटत नव्हते, तरी म्हणाली, "तुमच्या आबांना गावात वरनं पाणी वाढत हुते. ते सांगताना तुमी अजून रडता. मग ह्या पोरीला काय करायलाय?"

मी म्हणालो, "ते वेगळं."

"काय येगळं हाय, सांगा की."

अक्षता दाराशी कपडे पिळत होती. तिने ऐकले, वर पाहिले नाही. त्या दिवशीही मी ते पाणी प्यायलो नाही. तिसऱ्या दिवशी प्यायलो. विठाबाई पुढच्या मार्चमध्ये गेली.

कलम ३. ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा लग्नाला कायद्याची मान्यता देता येत नाही असा निकाल आला. तो मी शेजारी शंकरप्पांच्या टीव्हीवर ऐकला. ते म्हणाले, "झालं की तुमच्या मनासारखं." मला इतका राग आला की मी तसाच उठून घरी आलो. माझे मत कधीच बदलून गेले होते, ते मला तिथे कळले. त्याच संध्याकाळी शुभदाला फोन केला. "तेव्हा मागितलं होतंस ते अजून हवं आहे का?" पलीकडे फोन अक्षताने घेतला. ती म्हणाली, "बाबा, ही रडायलीय. काय झालं?"

मी म्हणालो, "तारीख विचारायची होती."

१४ जानेवारी २०२४ रोजी याच घरात, बुद्ध-बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर, अकरा माणसांत मी त्यांचे लग्न लावले आणि माझ्या नोंदवहीत लिहिले. सुमित खालच्या मजल्याला कुलूप लावून गेला होता. आठवड्याने मला बौद्धाचार्य नेमणाऱ्या मंडळाचे सचिव जोतिराम आले आणि म्हणाले, "पान फाडा, नाहीतर शिक्का परत करा." मी शिक्का परत केला. मी गेल्यावर माझा जलदानविधी जोतिरामच्या हातून होऊ नये.

कलम ४. घर माझ्या कमाईचे आहे. तळमजला सुमितला. वरचा मजला शुभदा आणि अक्षता यांना निम्मा-निम्मा, आणि अक्षताचा हिस्सा तिच्या स्वतःच्या नावाने, कोणतीही अट न घालता. मी लावलेले लग्न कायदा मानत नाही. शुभदाला काही झाले तर अक्षताला या घरात कोणी पाहुणी म्हणूनही उभे करणार नाही. तिच्या माहेरचे दार तर दहा वर्षांपासून बंद आहे. जिना दोन्ही मजल्यांचा. दिवाळीत सुमितने त्याला कुलूप लावले, मी ते तोडले. पुन्हा लावू नये.

कलम ५. कार्यशाळेतले माझे पाने आणि हत्यारांची पेटी अक्षताला. टाकीची मोटर तिने एकटीने उघडून बसवली. मी शेजारी उभा राहून चूक शोधत होतो, सापडली नाही.

कलम ६. बँकेतली शिल्लक सुमितची मुलगी प्रियंका हिला. शुभदा-अक्षताच्या लग्नामुळे तिचे जमलेले स्थळ मोडले असे सुमित म्हणतो. ते खरे आहे. मला त्याचे फार वाईट वाटते. तिने मला एकदाही बोल लावला नाही. सुमित मागच्या आठवड्यात टाईप केलेला कागद घेऊन आला, त्यात अक्षताचे नाव नव्हते. म्हणाला, "बाबा, नुसती सही करा, मग मी काही बोलणार नाही." सुमित, तू वाईट नाहीस. मी आठ वर्षे जिथे उभा होतो तिथे तू आज आहेस, आणि तिथे तुला मीच उभे केले.

कलम ७. या मृत्युपत्राचा अंमल शंकरप्पा हत्तुरे यांनी करावा. त्यांना यातले सगळे पटते असे नाही. म्हणूनच त्यांना निवडले.

सहीपूर्वीची नोंद. वरील मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवत असताना सुमित आला. दारातूनच म्हणाला, "बाबा, सही करू नका." दुसऱ्या साक्षीदार नागम्मा उठू लागल्या, मी त्यांना बसा म्हटले. कलम ४ त्याच्यासमोर पुन्हा मोठ्याने वाचले. तो गेला नाही. मी त्याला आत येऊन बस म्हटले आहे. हे लिहितो आहे तेव्हा तो दारातच उभा आहे. मी सही करत आहे.

यशवंत भागवत शिवशरण
(सही)

आमच्यासमोर त्यांनी सही केली व त्यांच्यासमोर आम्ही केली :
१. शंकरप्पा मल्लप्पा हत्तुरे, भवानी पेठ (सही)
२. नागम्मा नरसय्या गड्डम, भवानी पेठ (सही)

सोलापूर, रविवार, १६ नोव्हेंबर २०२५